आधी टाळ्या, मग पाय

हेरेसमध्ये बुलेरिया शिकायला गेलेल्या माणसाला सुरुवातीला कुणी नाचायला सांगत नाही. खुर्चीवर बसवतात आणि टाळ्या वाजवायला लावतात. दिवसचे दिवस टाळ्याच.

हेरेस दे ला फ्रोन्तेरा हे स्पेनच्या दक्षिणेचं, अन्दालुसियातलं शहर. शेरी नावाची वाइन इथली. बुलेरिया हा फ्लामेंकोचा, म्हणजे अन्दालुसियाच्या गाणं-गिटार-नाचाच्या परंपरेचा, सगळ्यात चपळ, सगळ्यात खट्याळ प्रकारही इथलाच. कामासाठी मी इथे राहायला आले तेव्हा फ्लामेंको म्हणजे झालरींचा घागरा, केसांत फूल आणि लाकडावर कडाडणारे पाय, एवढीच माझी ओळख होती. नाच शिकायचा म्हणून घराजवळच्या पेन्यात नाव घातलं. पेन्या म्हणजे रसिकांनी वर्गणीवर चालवलेलं मंडळ. एक लांबट खोली, टोकाला छोटा लाकडी मंच, भिंतींवर जुन्या गायकांचे काळेपांढरे फोटो, कोपऱ्यात बार. शनिवारी तिथे गाणं होतं आणि मधल्या वारांना वर्ग चालतात. शिकवणी महाग नव्हती. वर्गात माझ्यासारख्या नोकरदार बाया, दोन कॉलेजच्या मुली, निवृत्तीनंतर आलेले एक बेकरीवाले काका आणि एक जपानी बाई. जपानमध्ये फ्लामेंको शिकणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे आणि त्यांतले कित्येक जण जमेल तसे हेरेसला येऊन राहतात, हे मला तिच्यामुळे कळलं.

टाळ्यांना इथे पाल्मास म्हणतात आणि ते स्वतंत्र वाद्यच आहे. दोन प्रकार. सोर्दास म्हणजे दबक्या टाळ्या: दोन्ही तळवे किंचित खोलगट करून एकमेकांवर आडवे आणायचे, आवाज घुमल्यासारखा येतो. गाणं चालू असताना किंवा गिटार नाजूक काही वाजवत असताना याच टाळ्या. क्लारास म्हणजे खणखणीत: एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या खळग्यात नेमकी बसवायची. पाय जोरात सुरू झाले की या. कुठे दबकं वाजवायचं आणि कुठे मोकळं, हे कळायला गाणं ऐकावंच लागतं. आमची शिकवणारी, जिला सगळे माएस्त्रा म्हणतात, तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "गाणाऱ्याच्या अंगावर टाळी पडता कामा नये. त्याच्या पायाखाली पडली पाहिजे."

आता मात्रा. बुलेरियाचं चक्र 12 मात्रांचं. त्याला कोम्पास म्हणतात. जोर 12, 3, 6, 8 आणि 10 वर. मोजायची सुरुवातच बाराव्या मात्रेपासून होते आणि 10 वर वाक्य संपतं. तिथे गिटार येऊन टेकते, तिथेच नाचणाऱ्याचा पाय थांबतो. मी लहानपणी सांगलीला गाणं शिकले आहे. एकताल माझ्या अंगात आहे, म्हणजे 12 मात्रा मला नव्या नव्हत्या. पण माझा कान पहिल्या मात्रेवर सम शोधत होता आणि इथे पहिल्या मात्रेवर काहीच नाही. वजन शेवटाकडे आहे. शिवाय आधी तीन-तीनचे दोन गट, मग दोन-दोनचे तीन, असं चक्र आतून दुमडतं. लयही अशी की मिनिटाला 200 च्या आसपास मात्रा. घरी पोळ्या लाटताना, बसची वाट बघताना मी मोजत राहायचे. मोजून ते कळतं, पण अंगात येत नाही. ते आलं पेन्याच्या खुर्चीवर.

त्यामागे बसवण्याची एक पद्धत आहे. नव्या माणसाला नेहमी दोन जुन्यांच्या मध्ये जागा. माझ्या एका बाजूला बेकरीवाले काका आणि दुसऱ्या बाजूला कॉलेजची एक मुलगी, जी या टाळ्या ऐकत आईच्या मांडीवर वाढली. नियम एकच: लय निसटली तर हात थांबव, पाय जमिनीवर हलका टेकवत राहा, ऐक आणि पुन्हा शिर. तुझ्यासाठी कुणी थांबणार नाही आणि तुझ्याकडे कुणी बघणारही नाही. वर्तुळ चालू राहतं, म्हणून परत यायला जागा राहते. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या कितीतरी क्लासांत एकाचं चुकलं की सगळे थांबतात, बाई त्याच्याकडे बघतात, आणि पुढच्या वेळी तो माणूस येतच नाही. इथे आधार द्यायचा म्हणजे गोड बोलायचं नाही. आपली टाळी पक्की ठेवायची.

मग कोन्त्रा, म्हणजे दोन मात्रांच्या मधल्या टाळ्या. एक जण सरळ मात्रा धरतो, दुसरा त्याच्या फटींत वाजवतो. दोघांचं मिळून घोड्याच्या टापांसारखं अखंड काही तयार होतं. कोन्त्रा एकट्याला वाजवता येत नाही. समोरच्याने सरळ मात्रा सोडली की तुमच्या पायाखालची फळीच निघते. काका सरळ धरायचे, मी फटीत, मग उलट. एका संध्याकाळी कितीतरी वेळ आम्ही तेवढंच केलं. बारमधल्या माणसाने हातातले ग्लास खाली ठेवले आणि तोही सामील झाला. घरी जाताना तळवे लाल झाले होते.

पायांचं शिक्षण त्यामानाने साधं आहे. कठीण आहे, पण साधं. गोल्पे म्हणजे पूर्ण पाऊल आपटणं, प्लान्ता म्हणजे चवडा, ताकोन म्हणजे टाच, पुन्ता म्हणजे बोटांचं टोक. या चारांच्या जुळण्या संथ लयीत शेकडो वेळा. गुडघे किंचित वाकलेले, वजन खाली. बुटांच्या टोकाला आणि टाचेला बारीक खिळे ठोकलेले असतात, आवाज त्यांचा. चांगला जोड 100 युरोंच्या वर जातो. माएस्त्राने तो घ्यायला मला बराच काळ मनाई केली आणि तोवर पेन्याच्या कपाटातला कुणाचा तरी जुना जोड दिला. हातांचं, मनगटांचं काम वेगळं चालतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ते बघून आणि करूनच येतं.

खरं वळण आलं ते गाण्यामुळे. माएस्त्राचा आग्रह असा की नाचायला शिकणाऱ्या प्रत्येकाने गुरुवारी तीयाच्या गाण्याच्या तासाला बसायचं. तीया म्हणजे आत्या-मावशी. पण इथल्या खितानो, म्हणजे स्पेनमधल्या रोमा (जिप्सी) समाजात वयाने आणि मानाने मोठ्या बाईला सगळेच तीया म्हणतात, पुरुषाला तीओ. आमच्या तीया सत्तरीच्या. जन्म सान्तियागो वस्तीतला. हेरेसच्या दोन वस्त्या फ्लामेंकोसाठी प्रसिद्ध आहेत, सान्तियागो आणि सान मिगेल. लोला फ्लोरेस आणि ला पाकेरा दे हेरेस या दोघी सान मिगेलच्या. कुठली वस्ती जास्त सुरेल, यावर पेन्याच्या बारमध्ये अजून आवाज चढतात. तीया कधी रंगमंचावर गेल्या नाहीत. लग्नात, बारशात, घरच्या जेवणात गायल्या, एवढंच.

त्या शिकवतात तेव्हा कागद नसतो. एक ओळ गातात, आपण म्हणायची. ओळीला तेर्सियो म्हणतात. कडवं तीन किंवा चार ओळींचं, ओळीत साधारण आठ अक्षरं. विषय अगदी घरातले: आई, तुरुंग, उधारी, मत्सर, गेलेलं माणूस. गाण्याआधी त्या ते कडवं नुसतं बोलायला लावतात, समोरच्याला सांगितल्यासारखं. बोलताना खरं वाटलं तर मग गा. सूर ओळखीचे होते. या गाण्याच्या मुळाशी जी फ्रिजियन स्वरपंक्ती आहे ती म्हणजे आपल्या भैरवी थाटाचेच स्वर. फक्त शेवटी टेकताना गिटार कितीदा शुद्ध गंधार वाजवते आणि उजेड बदलतो. त्यामुळे सूर लावणं मला अवघड गेलं नाही. अवघड होतं गळा मोकळा सोडणं. मी लहानपणापासून स्वर गोल करून, घोटून लावायला शिकलेली. तीयांनी एकदा माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पोरी, तुझा आवाज आहे तसाच आण. माझ्यासारखा खरखरीत करू नकोस. माझा इतक्या वर्षांनी असा झालाय." तिथे बसलेल्या गिटारवाल्याने लगेच विचारलं, कुठून गाणार? आणि माझ्या स्वराला सोयीचं पडेल तिथे त्याने गिटारच्या मानेवर सेहिया सरकवली. सेहिया म्हणजे तारा दाबून धरणारा चाप. गाणाऱ्याने गिटारच्या पट्टीत यायचं नाही. गिटारने गाणाऱ्याकडे जायचं. गाणारी नवशिकी असली तरी हेच.

तीन-चार कडवी पाठ झाल्यावर नाचात काय बदललं ते सांगते. नाचणाऱ्याने गाण्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी उत्तर द्यायचं असतं. त्या टोकदार उत्तराला रेमाते म्हणतात. ओळ चालू असताना पाय जवळजवळ गप्प, नुसतं चालणं, डोलणं. गायक श्वास घेतो तिथे रेमाते. तोवर मी पाय मोजून टाकत होते. आता ओळ कुठे संपणार हे मला आतून ठाऊक होतं, कारण माझाही श्वास तिथेच संपत होता. नाच गाण्याखाली असतो, ही गोष्ट मला गाऊनच कळली. म्हणून मला आठवड्याभरात एक नृत्यरचना बसवून देणाऱ्या शिकवण्या पटत नाहीत. ध्वनिमुद्रणावर बसवलेली रचना त्या ध्वनिमुद्रणापुरतीच. हेरेसमध्ये गायक एखादी ओळ लांबवतो, कडवं मध्येच बदलतो, आणि पाठ केलेले पाय हवेत राहतात.

एका गुरुवारी तीयांनी गिटार बाजूला ठेवायला सांगून मार्तिनेते म्हटलं. हे लोहारकामाच्या भट्टीशी जोडलेलं गाणं, साथ कुठलीच नाही. त्यांचे काका लोहार होते. आई-वडील हेरेसभोवतीच्या मोठ्या जमिनींवर मजुरीला जायचे आणि हंगामात गान्यानियात, म्हणजे शेतमजुरांच्या सामाईक निवाऱ्यात राहायचे. दिवसभर राबून रात्री तिथेच गाणं. गावात घर म्हणजे एका अंगणाभोवतीच्या खोल्या, अंगण आणि पाण्याची जागा सगळ्यांची एक. शेजारची लेकरं आणि आपली लेकरं असा फरक नव्हता, त्या सांगतात. नंतर अशी घरं रिकामी होत गेली, माणसं शहराबाहेरच्या इमारतींत गेली. सेव्हिलच्या त्रियानामधल्या खितानो कुटुंबांचंही 1950 च्या दशकात असंच झालं. पेन्याची ही खोली म्हणजे त्या अंगणाची राहिलेली जागा आहे, असं मी समजते.

घरी फोन केला की हमखास एक प्रश्न येतो, हे कथकमधूनच गेलं ना तिकडे? त्याचं उत्तर इथे नीट देते. रोमा लोकांची भाषा भारतीय कुळातली आहे आणि त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून बाहेर पडले, हे भाषेवरून आणि जनुकांवरूनही दिसतं. स्पेनमध्ये त्यांची पहिली लेखी नोंद 1425 ची, आरागोनच्या राजाने दिलेल्या प्रवासपत्राची. पण फ्लामेंको घडलं ते अन्दालुसियात, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकापर्यंत, इथल्या लोकगीतांतून, इथल्या गिटारीवर, खितानो आणि बिगरखितानो अशा दोन्ही गळ्यांतून. आणि मधे बरंच काही भोगावं लागलं. 1499 च्या फर्मानाने खितानो लोकांचं फिरतं जगणं गुन्हा ठरवलं. जुलै 1749 मध्ये राजाच्या आज्ञेने देशभरातल्या खितानो लोकांना एकाच वेळी पकडून, पुरुष एकीकडे आणि बाया-मुलं दुसरीकडे, असं कोंडलं. हेतू उघड होता: पुढची पिढी होऊ नये. कित्येकांची सुटका व्हायला वर्षानुवर्षं गेली. तुरुंगाची गाणी एवढी का, हे मला तेव्हा समजलं. तेव्हा भारताशी नातं आहे, ते मला प्रिय आहे, पण ते सांगून या लोकांनी इथे जे रचलं त्याचं श्रेय आपण घेऊ नये.

दुसऱ्या वर्षी तीयांचा भाऊ गेला. खितानो घरांत लूतो, म्हणजे सुतक, फार कडक पाळतात. काळे कपडे, घरात टीव्ही नाही, संगीत नाही, गाणं-नाच तर नाहीच. आणि ते दिवसांत नव्हे, महिन्यांत, कधी वर्षांत मोजतात. तीया पेन्यात यायच्या बंद झाल्या. गुरुवारचा तास मात्र बंद झाला नाही. माएस्त्राने ठरवलं की नवीन काही शिकायचं नाही, त्यांनी दिलेली कडवीच घोटायची. आणि वर्गातल्या आम्ही पाळीपाळीने त्यांच्या घरी जायला लागलो. गाण्याचा विषय काढायचा नाही, एवढं सांगितलेलं. काका पाव घेऊन जायचे. जपानी मैत्रिणीला स्पॅनिश बेताचंच येतं. ती जायची आणि त्यांच्याबरोबर शेंगा सोलत बसायची. मी गेले की त्या मला माझ्या आईबद्दल विचारायच्या, तिचं काय दुखतं, ती काय रांधते. स्वयंपाकघरातल्या त्या दुपारी मी जितकं अन्दालुसियन बोलणं शिकले, शब्दांचे शेवट गिळणारं, तितकं कुठल्याच भाषेच्या वर्गात शिकले नाही. गाण्यातली अक्षरं तशीच उच्चारायची असतात.

त्या परत आल्या ती नोव्हेंबरच्या अखेरीस. त्या सुमाराला हेरेसमध्ये सांबोम्बा सुरू होतात. सांबोम्बा हे खरं तर वाद्य: मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं, त्यात एक काठी खोवलेली, ओल्या हाताने ती वरखाली घासली की घुमतं. त्यावरूनच नाताळापर्यंत चालणाऱ्या गाण्याच्या मेळ्यांना हे नाव पडलं. अंगणात शेकोटी, भोवती वर्तुळ, नाताळची जुनी गाणी, सगळ्यांनी मिळून म्हणायची. रात्र चढली की गाडी बुलेरियावर येते. पेन्याच्या अंगणात तीया वर्तुळात बसल्या आणि बराच वेळ नुसत्या दबक्या टाळ्या देत होत्या. कुणी आग्रह केला नाही. मग त्यांनी आपणहून एक कडवं सुरू केलं आणि माझ्याकडे बघितलं.

बुलेरियातला छोटा नाच म्हणजे पातायीता, मिनिटभराचा. वर्तुळातून निघायचं, करायचं, वर्तुळात परतायचं. पहिलं कडवं सुरू होईपर्यंत थांबायचं. रिकाम्या मात्रांवर धावत शिरायचं नाही. मग चालत आत. गायिकेकडे तोंड, प्रेक्षकांकडे नाही. ओळ ऐकत चालायचं, शेवटी रेमाते. कडवं संपत आलं की यामादा, म्हणजे पायांनी दिलेली हाक, की आता मी काही म्हणणार आहे. मग आपल्याजवळ जे असेल ते, दोन-तीन चक्रं. आणि चालत बाहेर. मी केलं ते अगदी थोडं होतं. पण यामादाच्या आधीच काकांच्या टाळ्या दबक्यावरून खणखणीत झाल्या. मी काय करणार हे त्यांना माझ्या खांद्यांवरून कळलं. दहाव्या मात्रेवर थांबले तेव्हा "ओले" नेमका तिथेच आला, अख्ख्या वर्तुळाचा. या दादेलाही शिस्त आहे. तिला हालेओ म्हणतात आणि ती मात्रेवर द्यायची असते, नाहीतर नाचणाऱ्याला धक्का बसतो. मी बसले आणि लगेच टाळ्यांना लागले, कारण काका उठले होते.

त्या रात्री बारवाला नाचला, गिटारवाला गिटार बाजूला ठेवून नाचला, माएस्त्राची आई काठी टेकत उठली आणि नुसते हात वर नेऊन एका रेमातेत सगळ्यांना मागे टाकून गेली. रंगमंचावरच्या कार्यक्रमांतही शेवटी असंच होतं. गायक-वादक पुढे येऊन एकेक पातायीता करतात. वय, बांधा, गुडघे, काहीच आड येत नाही.

कुणाला शिकायची इच्छा असेल तर माझा सल्ला: बूट घेऊ नका. आधी तांगोस हा फ्लामेंकोचा प्रकार ऐका, ते चार मात्रांचे आहेत, त्यांवर टाळी धरा. मग सोलेआ, म्हणजे हेच 12 मात्रांचं चक्र, पण संथ. सेगिरिया त्यानंतर, जोर त्याच जागी, पण चक्राची सुरुवात आठव्या मात्रेवरून. हेरेसचा महोत्सव 1997 पासून फेब्रुवारीअखेरीस सुरू होतो, तेव्हा जगभरातून विद्यार्थी येतात आणि वर्ग उत्तम असतात. पण महोत्सवाला आलात तरी एक संध्याकाळ एखाद्या पेन्यात नुसतं ऐकायला बसा.

आम्ही सध्या सोलेआवर आहोत. 16 नोव्हेंबर 2010 ला युनेस्कोने फ्लामेंकोला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हापासून तो इथे फ्लामेंको दिन असतो आणि पेन्यात वर्गाचा छोटा कार्यक्रम होतो. यंदा काका सोलेआ नाचणार आहेत आणि त्यांच्यासाठी एक कडवं मी गाणार आहे. त्यांचे पाय आता सावकाश झालेत, म्हणून दुसरी ओळ मी थोडी लांबवावी, असं त्यांचं म्हणणं आहे. तीया म्हणतात लांबव, पण मग तिसरीसाठी श्वास राखून ठेव. तो अजून मला पुरत नाही. गुरुवारी त्यावरच बसणार आहोत.